विषाची साक्ष

ज्यानें फिर्याद करावी त्यानेंच ती शाबीत करावी, हा न्यायालयाचा जुना दंडक आहे, आणि तो योग्यही आहे. चाकूचा वार झाला तर जखम दिसते, चाकू सांपडतो, वार करणारा हात कोणाचा होता हें सांगणारा कोणी तरी शेजारीपाजारी निघतो. रासायनिक विषाचा वार याहून निराळा असतो. त्याला बहुधा रंग नसतो, वास नसतो. तें पाण्याच्या घोटाबरोबर पोटांत जातें, वर्षानुवर्षें रक्तांत सांचत राहतें, आणि रोग जडतो तेव्हां मूळ घोटाची आठवण कोणालाच राहिलेली नसते. शिवाय या विषाविषयीं जें कांहीं ज्ञान असतें, तें पुष्कळदां तें वापरणाराच्याच कपाटांत कुलुपबंद असतें. फिर्यादी रिकाम्या हातांनीं उभा, आणि पुरावा प्रतिवादीच्या घरीं! अशा स्थितींत न्यायाची वाट कशी काढावयाची, या प्रश्नाचें उत्तर अमेरिकेंतील एका वकिलानें सुमारें वीस वर्षें खपून शोधलें. त्या वकिलाचें नांव रॉबर्ट बिलॉट. त्यांच्या कामाची हकीकत केवळ कायदेपंडितांच्याच नव्हे, तर नळाचें पाणी पिणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या विचाराची आहे.

बिलॉट यांचा जन्म १९६५ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील ऑल्बनी येथें झाला. वडील हवाईदलांत नोकरीस असल्यामुळें त्यांचें बालपण गांवोगांव फिरण्यांत गेलें. ओहायो राज्याच्या विद्यापीठांत कायद्याचें शिक्षण पुरें करून १९९० सालीं ते सिनसिनाटी शहरांतील टॅफ्ट या नांवाजलेल्या वकिलांच्या पेढीवर रुजू झाले. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. ही पेढी पीडितांची बाजू घेणारांची नव्हती; मोठमोठ्या कारखानदारांचें वकीलपत्र घेणारांची होती. जुनीं विषारी उकिरड्यांचीं ठिकाणें स्वच्छ करण्याचा खर्च कोणी व किती सोसावा, यासंबंधीं अमेरिकन काँग्रेसनें १९८० सालीं एक कायदा केला होता. त्या कायद्याखालीं रासायनिक कंपन्यांना सल्ला देणें हें बिलॉट यांचें नित्याचें काम. कोणता कारखाना कोणतें द्रव्य वापरतो, त्याची नोंद कोणत्या कागदांत होते, सरकारी खात्याकडे काय कळवावें लागतें आणि काय कळवावें लागत नाहीं, हें सारें त्यांना या कामांत पाठ झालें. पुढें तेंच ज्ञान त्यांना दुसऱ्या बाजूनें उपयोगीं पडावयाचें होतें.

१९९८ च्या शरदऋतूंत वेस्ट व्हर्जिनिया राज्यांतील पार्कर्सबर्ग गांवाजवळच्या विल्बर टेनंट नांवाच्या एका गुराख्या शेतकऱ्यानें त्यांना दूरध्वनि केला. बिलॉट यांची आजी त्याच भागांत राहणारी. तिच्या ओळखीच्या माणसांकडून शेतकऱ्याला या वकिलाचें नांव कळलें होतें. टेनंट यांचें म्हणणें साधें होतें. त्यांच्या कुरणांतून वाहणाऱ्या ओढ्याचें पाणी फेंसाळलें होतें आणि तें पिणारीं गुरें एकामागून एक मरत होतीं. दीडशेंहून अधिक जनावरें दगावलीं होतीं. गांवांतले वकील, पशुवैद्य आणि अधिकारी यांपैकीं कोणीहि त्यांची दाद घेत नव्हतें. कांहीं दिवसांनीं छायाचित्रें आणि चित्रफिती यांनीं भरलेलीं खोकीं घेऊन ते सिनसिनाटीस स्वतः आले. मेलेल्या गुरांचीं शरीरें त्यांनीं स्वतःच्या हातानें फाडून पाहिलीं होतीं आणि आंतील विकृत झालेल्या अवयवांचें चित्रण करून ठेवलें होतें. ज्याला कोणी विचारीत नव्हतें, अशा एका शेतकऱ्यानें पुरावा जतन करण्याची बुद्धि राखली होती. बिलॉट यांनीं वकीलपत्र घेतलें.

ओढ्याच्या वरच्या अंगाला सहासष्ट एकर जमीन टेनंट यांच्या भावानें पूर्वीं ड्युपाँट कंपनीला विकली होती. तेथें कंपनीनें कारखान्याचा कचरा पुरण्याची जागा केली होती. पार्कर्सबर्गजवळ ओहायो नदीच्या कांठीं या कंपनीचा प्रचंड कारखाना असून तेथें टेफ्लॉन तयार होत असे. ज्या तव्याला आंबोळी चिकटत नाहीं, त्या तव्यावरचा गुळगुळीत थर म्हणजे टेफ्लॉन. १९९९ सालीं बिलॉट यांनीं संघ-न्यायालयांत दावा लावला. तेव्हां कंपनीनें कळविलें कीं, सरकारचें पर्यावरणसंरक्षण खातें आणि कंपनी यांनीं मिळून सहा पशुवैद्यांची समिति नेमली आहे. समितीचे तीन वैद्य खात्यानें निवडलेले आणि तीन कंपनीनें निवडलेले. समितीचा निर्णय असा पडला कीं, दोष ओढ्याचा नसून मालकाचा आहे. गुरांना पुरेसा चारा नाहीं, औषधपाणी नाहीं, माशांचा बंदोबस्त नाहीं. ज्या माणसाच्या घरांत पिढ्यान् पिढ्या गुरें राखलीं गेलीं, त्याला गुरें राखतां येत नाहींत असें ठरलें! उंदराला मांजर साक्ष, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथें तर प्रतिवादीनेंच आपल्या फिर्यादीचे परीक्षक निवडले होते.

खटल्याची तारीख जवळ येत चालली आणि हातांत कांहींच नव्हतें. अशा वेळीं, २००० सालीं, कंपनीनें सरकारी खात्याला लिहिलेलें एक पत्र बिलॉट यांच्या पाहण्यांत आलें. कचऱ्याच्या त्या जागीं पीएफओए नांवाचें एक द्रव्य असल्याचा त्यांत उल्लेख होता. ज्या द्रव्यांवर सरकारची नजर असे त्यांच्या कोणत्याच यादींत हें नांव नव्हतें. दुसरा वकील असता तर कदाचित् पान उलटून पुढें गेला असता. परंतु रासायनिक कंपन्यांचीं दप्तरें चाळण्यांत ज्याचीं आठ-दहा वर्षें गेलीं होतीं, त्याला यादींत नसलेलें नांवच अधिक बोलकें वाटलें. त्यांनीं त्या द्रव्याचे सर्व कागद मागितले. कंपनीनें नकार दिला; तेव्हां न्यायालयाचा हुकूम मिळविला. मग खोक्यांमागून खोकीं येऊं लागलीं. एकंदर १,१०,००० पानें, तींही कोणताच क्रम नसलेलीं. कांहीं कागद तर पन्नास वर्षांपूर्वींचे. एवढ्या गंजींत प्रतिपक्ष गुदमरून जावा, असा हेतु त्यांत असेल तर तो फसला. बिलॉट यांनीं कचेरींत जमिनीवर बसून कित्येक महिने एकेक कागद वाचला आणि सालवारीनें लावला.

त्या कागदांतून जो इतिहास बाहेर आला तो असा. पीएफओए हें आठ कार्बन-अणूंच्या सांखळीचें द्रव्य. म्हणून कारखान्यांत त्याला सी-८ म्हणत. टेफ्लॉन बनवितांना तें लागे आणि थ्री-एम नांवाच्या कंपनीकडून तें १९५१ पासून विकत घेतलें जात होतें. कार्बन आणि फ्लुओरीन यांची जोड इतकी घट्ट असते कीं, निसर्गांत हें द्रव्य सहसा विघटित होत नाहीं. अश्वत्थाम्याप्रमाणें तें चिरंजीव होऊन भटकत राहतें. मनुष्याच्या रक्तांत शिरलें तर त्याचा निम्मा अंश बाहेर पडण्यासच दोन-तीन वर्षें लागतात. आणि तोंवर रोजच्या पाण्याबरोबर नवा अंश आंत जातच असतो. थेंबें थेंबें तळें सांचे, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते. या द्रव्यानें उंदीर व ससे यांचें यकृत वाढतें, हें कंपनीच्या संशोधकांना १९६१ सालींच आढळलें होतें. १९८१ सालीं थ्री-एमच्या प्रयोगांत उंदरांच्या पिलांत व्यंग दिसलें. त्यानंतर ड्युपाँटनें आपल्या कारखान्यांतील स्त्रियांच्या नवजात मुलांची पाहणी केली, तेव्हां सात मुलांपैकीं दोघांच्या डोळ्यांत दोष निघाला. ही गोष्ट जाहीर झाली नाहीं. १९८४ सालीं आसपासच्या गांवांच्या पाण्यांत हें द्रव्य असल्याचें कंपनीला कळलें. १९९१ सालीं कंपनीच्याच शास्त्रज्ञांनीं पिण्याच्या पाण्यांतील त्याची मर्यादा शंभर कोटि भागांत एक भाग अशी ठरविली. त्याच वर्षीं एका गांवाच्या पाण्यांत तें या मर्यादेच्या तिप्पट आढळलें, आणि तेंही जाहीर झालें नाहीं. टेनंट यांच्या ओढ्याची तपासणीही कंपनीनें करविली होती. त्यांत हें द्रव्य विपुल असल्याचें तिला ठाऊक होतें. पशुवैद्यांच्या अहवालांत मात्र त्याचें नांव नव्हतें.

पुढें टेनंट यांच्या दाव्याची तडजोड झाली. पेढीला मेहनताना मिळाला, अशीलाला भरपाई मिळाली. रूढीप्रमाणें वकिलाचें काम येथें संपलें. परंतु त्या खोक्यांतील कागदांनीं एका शेतकऱ्याची नव्हे, तर त्या पंचक्रोशीची गोष्ट सांगितली होती. मार्च २००१ मध्यें बिलॉट यांनीं पर्यावरणसंरक्षण खातें आणि इतर अधिकारी यांना ९७२ पानांचें एक पत्र पाठविलें. त्याला १३६ पुरावे जोडलेले होते. या वकिलाला सरकारपाशीं बोलण्याची बंदी करावी, अशी मागणी कंपनीनें न्यायालयांत केली. ती नामंजूर झाली. जन्मभर कारखानदारांची बाजू सांभाळलेल्या पेढीचा हा भागीदार आतां कारखानदारांच्या वर्तुळांत परका झाला. त्याची किंमत त्यांनीं मोजली.

यानंतरचा टप्पा कायद्याच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा आहे. जवळच्या एका गांवीं व्यायाम शिकविणारा एक शाळामास्तर राहत असे. पाणीपुरवठा मंडळाकडून त्याला एक पत्र आलें होतें. पाण्यांत पीएफओए नांवाचें द्रव्य अल्प प्रमाणांत आढळलें असून त्यापासून धोका नाहीं, असा त्यांतील आशय. धोका नाहीं तर पत्र कशाला, असें वाटून त्यानें चौकशी सुरू केली आणि ती करतां करतां तो बिलॉट यांच्यापर्यंत पोंचला. पण येथें एक पेंच होता. हा मास्तर आजारी नव्हता, आणि ज्याला इजा झाली नाहीं त्याचा दावा उभा राहत नाहीं. सुदैवानें १९९९ सालीं वेस्ट व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें होतें कीं, दुसऱ्याच्या चुकीमुळें ज्याच्या शरीरांत विषारी द्रव्य जाऊन रोगाचा संभव वाढला आहे, त्याला रोग होईपर्यंत थांबण्याची गरज नाहीं. नियमित वैद्यकीय तपासणीचा खर्च तो आजच मागूं शकतो. या निवाड्याच्या आधारें बिलॉट यांनीं ऑगस्ट २००१ मध्यें सुमारें ७०,००० रहिवाशांच्या वतीनें सामुदायिक दावा लावला. पुढल्याच वर्षीं राज्य सरकारच्या समितीनें पाण्यांतील सुरक्षित मर्यादा शंभर कोटि भागांत दीडशें भाग अशी जाहीर केली. कंपनीच्या खासगी कागदांत एक, आणि सरकारी जाहीरनाम्यांत दीडशें! कुंपणच शेत खाऊं लागलें तर शेतकऱ्यानें कोणाकडे पाहावें, हा प्रश्न तेथेंही उभा राहिला.

सप्टेंबर २००४ मध्यें तडजोड झाली. सहा पाणीपुरवठा विभागांत गाळणयंत्रें बसवावीं, सात कोटि डॉलर रोख द्यावे, आणि हें द्रव्य व मनुष्याचे रोग यांचा संबंध आहे कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं उभय पक्षांना मान्य असे तीन साथरोगतज्ज्ञ नेमावे, असें ठरलें. संबंध सिद्ध झाला तर तपासणीसाठीं साडेतेवीस कोटि डॉलरपर्यंत खर्च कंपनीनें करावा, आणि त्या रोगांपुरता कार्यकारणसंबंधाचा वाद पुन्हा उकरूं नये. संबंध सिद्ध न झाल्यास मात्र रहिवाशांचा हक्क संपला. हा मोठा जुगार होता; कारण अशा विषयांत थोड्या माणसांच्या पाहणीवरून निश्चित असें कांहींच सांगतां येत नाहीं.

या अडचणींतून फिर्यादीच्या वकिलांनीं जो मार्ग काढला, तोच या इतिहासाचा गाभा आहे. मिळालेली रोख रक्कम घरोघर सरसकट वांटून टाकण्याऐवजीं, जो कोणी रक्ताचा नमुना देईल व प्रकृतीची माहिती लिहून देईल त्याला ४०० डॉलर द्यावे, अशी योजना त्यांनीं केली. २००५-०६ या काळांत सुमारें ६९,००० माणसांनीं रक्त दिलें. एकाच द्रव्याच्या परिणामासाठीं एवढ्या मोठ्या वस्तीची अशी तपासणी हें अपूर्व कार्य होतें. पुरावा इतके दिवस कंपनीच्या कपाटांत होता. आतां तो लोकांच्या स्वतःच्या रक्तांतून उभा राहिला. जें विष बोलत नव्हतें, तें साक्ष देऊं लागलें.

परंतु साक्ष तपासण्यास वेळ लागला. एक वर्ष गेलें, दोन गेलीं, अशीं सात वर्षें गेलीं. पेढीला उत्पन्न नाहीं आणि तज्ज्ञांचा खर्च मात्र चालू. रहिवासी दूरध्वनि करून विचारीत, आणि सांगण्यासारखें कांहीं नसे. कांहीं जण वाट पाहतां पाहतां वारले. विल्बर टेनंट २००९ सालीं निवर्तले. २०१० च्या सुमारास बिलॉट यांना अंगास कंप सुटणें, वाचा अडखळणें असे झटके येऊं लागले. वैद्यांना त्यांचें निदान झालें नाहीं. अखेर २०११ व २०१२ या दोन सालांत तज्ज्ञांचे निर्णय बाहेर पडले. मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, कंठस्थ ग्रंथीचे विकार, आंतड्यांचा व्रणयुक्त दाह, रक्तांतील कोलेस्टेरॉलची वाढ आणि गरोदरपणांतील रक्तदाब, या सहा विकारांशीं पीएफओएचा संबंध संभवनीय असल्याचें त्यांनीं ठरविलें.

या निर्णयानंतर साडेतीन हजारांवर माणसांनीं स्वतंत्र दावे लावले. कंपनीनें एकेक दावा वेगळा लढविण्याचें धोरण स्वीकारलें. २०१५ च्या पहिल्या खटल्यांत मूत्रपिंडाच्या कर्करोगानें पीडलेल्या एका स्त्रीला ज्यूरीनें सोळा लाख डॉलर देवविले. २०१६ च्या दुसऱ्या खटल्यांत एकावन्न लाख डॉलर आणि वर पांच लाख दंड अशी रक्कम झाली; तिसऱ्यांत दंडाचाच आंकडा एक कोटि पांच लाखांवर गेला. तेव्हां फेब्रुवारी २०१७ मध्यें सर्व दाव्यांची मिळून सदुसष्ट कोटि डॉलरांवर तडजोड झाली. त्याच वर्षीं बिलॉट यांना स्वीडनमधील राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला.

एका ओढ्यापासून सुरू झालेलें हें प्रकरण जगभर पोंचलें. २०१९ सालीं स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय करारांत पीएफओएचा समावेश निर्मूलन करावयाच्या द्रव्यांत झाला. २०२३ सालीं जागतिक कर्करोग संशोधन संस्थेनें तें मनुष्यास कर्करोगकारक ठरविलें. २०२४ सालीं अमेरिकन सरकारनें पिण्याच्या पाण्यांतील मर्यादा एक लाख कोटि भागांत चार भाग इतकी कडक केली. ज्या द्रव्याचे दीडशें भाग शंभर कोटींत चालतील असें एका राज्यानें २००२ सालीं सांगितलें, त्याच द्रव्याची ही मर्यादा सदतीस हजारपट कडक आहे. ज्ञान वाढलें हें खरें. पण त्यांतलें पुष्कळसें ज्ञान कोणाच्या तरी कपाटांत आधींपासूनच होतें, हेंही तितकेंच खरें.

हा प्रश्न महाराष्ट्रापासून फार दूरचा आहे असेंही समजूं नये. इटलींतील व्हिचेन्झा शहराजवळ याच जातीचीं द्रव्यें बनविणारा एक कारखाना होता. त्याच्यामुळें त्या मुलखाचें भूगर्भांतील पाणी दूषित झालें. २०१८ सालीं त्याचें दिवाळें निघालें आणि २०२५ सालीं तेथील न्यायालयानें अकरा जणांना दोषी ठरविलें. त्या बंद कारखान्याची यंत्रसामग्री २०१९ सालीं मुंबईच्या एका कंपनीनें विकत घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यांत लोटे परशुराम येथें आणली. यंत्रें आलीं म्हणजे जुना दोषही आला, असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु पाण्यांत काय सोडलें जातें, त्याची तपासणी कोण करतें, आणि त्या तपासणीचे आंकडे गांवकऱ्यांना पाहावयास मिळतात काय, हे प्रश्न रोग जडण्यापूर्वीं विचारावयाचे असतात. पार्कर्सबर्गच्या लोकांना ते पन्नास वर्षें उशिरां विचारतां आले.

बिलॉट यांचें यश सांगतांना त्यांचें अपयशही सांगितलें पाहिजे. हीं द्रव्यें आतां जवळजवळ प्रत्येक अमेरिकन माणसाच्या रक्तांत आढळतात. म्हणून २०१८ सालीं त्यांनीं एका अग्निशामक जवानाच्या नांवें दहा कंपन्यांवर नवा दावा लावला. कंपन्यांनीं पैसा द्यावा आणि तज्ज्ञांचें स्वतंत्र मंडळ नेमून या द्रव्यांचा परिणाम तपासावा, एवढीच मुख्य मागणी होती. नोव्हेंबर २०२३ मध्यें अपील-न्यायालयानें तो दावा काढून टाकावयास लावला. कारण असें दिलें कीं, त्याच्या रक्तांतील द्रव्य नेमकें कोणत्या कंपनीचें आहे हें फिर्यादीनें दाखविलेलें नाहीं. म्हणजे जुना दंडक पुन्हा आडवा आला. एका कारखान्याचें विष एका गांवांत असेल तर पुरावा काढतां येतो. तेंच विष अनेक कारखान्यांतून सर्व जगांत पसरलें, तर अपराध मोठा होतो, पण अपराधी सांपडत नाहीं.

यांतून एक बोध स्पष्ट होतो. असामान्य चिकाटीचा वकील लाभला, गुरें मेल्यावर चित्रण करून ठेवणारा शेतकरी लाभला, पत्र वाचून शंका घेणारा शाळामास्तर लाभला आणि ६९,००० माणसांनीं आपलें रक्त दिलें, तेव्हां कोठें एका द्रव्याविषयींचें सत्य उजेडांत आलें. प्रत्येक द्रव्यासाठीं असा योग जुळून येईल, या भरंवशावर कोणत्याही समाजानें राहूं नये. नवें द्रव्य पाण्यांत, हवेंत वा घरांत येण्यापूर्वीं तें निरुपद्रवी असल्याचें तें आणणारानें दाखवावें, त्याच्या परीक्षणाचे कागद सर्वांस खुले असावे, आणि साक्ष देण्याचा बोजा पिणाराच्या रक्तावर पडूं नये, अशीच व्यवस्था कायद्यानें केली पाहिजे. वकिलाच्या हातीं भरपाई असते. गेलेलें आरोग्य परत देणें त्याच्याही हातीं नसतें.